बर्फावरचा उजेड आणि गॉगलची काच

स्कीइंगच्या गॉगलची काच निवडताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही की, कोणतीही काच डोळ्यांपर्यंत येणाऱ्या प्रकाशात भर घालू शकत नाही. ती त्यातला काही भाग अडवते, एवढेच तिचे कार्य. ‘ढगाळ हवेत उजेड वाढवणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचेतूनही बाहेर असतो त्याहून कमीच प्रकाश आत येतो. म्हणून काचेची निवड म्हणजे कोणता प्रकाश अडवायचा, किती अडवायचा आणि कोणता शक्यतो येऊ द्यायचा याचा निर्णय असतो, आणि तो नीट करायचा तर बर्फावरच्या उजेडाचा स्वभाव व त्याला तोंड देणाऱ्या डोळ्याची मर्यादा या दोन्हींची ओळख असावी लागते. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट लोकांनी हाड, लाकूड किंवा वॉलरसचा सुळा कोरून, मध्ये केवळ एक आडवी बारीक फट ठेवून जे नेत्रकवच बनवले, त्यात काच मुळीच नव्हती; तरी वरून आणि खालून येणारा अनावश्यक उजेड अडवण्याचे काम ते उत्तम करत असे. आजच्या गॉगलची काच बहुधा पॉलिकार्बोनेट या कठीण प्लॅस्टिकची असते, आणि तिचेही मूळ काम तेच आहे.

ताजा, कोरडा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के प्रकाश परत फेकतो. माती किंवा हिरवळ त्यातला बहुतांश शोषून घेत असल्यामुळे एरवी माणसाच्या डोळ्यांना मुख्यतः वरून येणाऱ्या उजेडाशी सामना करावा लागतो, आणि त्यासाठी भुवया, पापण्या व कपाळाची पुढे आलेली कड पुरेशी ठरते. बर्फावर उजेड खालूनही जवळजवळ तितक्याच जोराने येतो आणि तो टोपीच्या झापडीला जुमानत नाही. या दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरणही, म्हणजे जांभळ्या रंगाहून आखूड तरंगलांबीचे आणि डोळ्यांना न दिसणारे किरणही, परावर्तित होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, तर समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू सुमारे 15 टक्के. शिवाय दर 1,000 मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता साधारण 10 टक्क्यांनी वाढते. काश्मीरमधील गुलमर्ग हे गाव सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे आणि तेथील गोंडोला म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे स्कीइंग करणाऱ्याला अफरवतच्या डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेऊन सोडतो. म्हणजे वर पोहोचेपर्यंत किरणांची तीव्रता आणखी आठव्या हिश्शाइतकी वाढलेली असते.

या किरणांचा पहिला आघात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर होतो. तेथील वरच्या थरातील पेशी भाजतात आणि साधारण सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, पाण्याच्या धारा, उजेड सहन न होणे आणि दृष्टी अंधुक होणे अशी लक्षणे सुरू होतात. यालाच हिमांधत्व म्हणतात. ते बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरते, परंतु लक्षणे उशिरा दिसत असल्यामुळे चूक होत असताना माणसाला तिची जाणीवच होत नाही. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत एडवर्ड नॉर्टन 4 जून रोजी, कृत्रिम प्राणवायूशिवाय, सुमारे 8,570 मीटर उंचीपर्यंत चढला. खडकावर पाऊल कोठे पडते आहे हे स्पष्ट दिसावे म्हणून त्याने गॉगल काढून ठेवले होते. खडक गडद असला तरी भोवतालचा सारा हिमप्रदेश आणि आकाश किरण परतवतच होते, आणि खाली परतल्यावर त्याच रात्री त्याची दृष्टी गेली, ती सुमारे 60 तास परत आली नाही. एका कसलेल्या गिर्यारोहकाने पाय नीट ठेवता यावा म्हणून डोळे उघडे ठेवले, हे अगदी समजण्याजोगे आहे. गॉगलची काच फार गडद असली की ती काढून टाकण्याचा मोह होतो, आणि काचेच्या योग्य निवडीचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

अतिनील किरण अडवणे आणि काच गडद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पॉलिकार्बोनेट हा पदार्थ स्वभावतःच जवळजवळ सर्व अतिनील किरण शोषून घेतो, त्यामुळे त्याची पूर्णपणे पारदर्शक, रंगहीन काचही त्या बाबतीत गडद काचेइतकीच संरक्षक असू शकते. उलट, रस्त्यावर मिळणाऱ्या हलक्या दर्जाच्या काळ्या चष्म्याला अतिनील रोधकाची जोड नसेल, तर तो उघड्या डोळ्यापेक्षाही अपायकारक ठरू शकतो. कारण काळोखी भासल्यामुळे बाहुली मोठी होते आणि अडवले न गेलेले किरण अधिक प्रमाणात आत शिरतात. सोलांगच्या किंवा औलीच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाने शहरातला नेहमीचा काळा चष्मा बरोबर घेताना एवढे तरी तपासून पाहावे. त्यावर ‘यूव्ही 400’ असे लिहिलेले असणे म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे, अर्थात सर्व अतिनील किरण अडवल्याचा दावा असणे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.

हे संरक्षण गृहीत धरले, की पुढचा प्रश्न दृश्य प्रकाशाचा. काचेवर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी जितके टक्के प्रकाश पलीकडे जातो, त्या प्रमाणाला दृश्य प्रकाश पारगम्यता म्हणतात. विक्रेते त्याचा उल्लेख ‘व्हीएलटी’ या आद्याक्षरांनी करतात. युरोपातील मानकांनी या प्रमाणावरून काचांचे पाच वर्ग पाडले आहेत आणि वर्गाची खूण गॉगलवर किंवा त्याबरोबरच्या पत्रकात ‘एस’ हे अक्षर आणि पुढे अंक अशी दिलेली असते. एस0 मधून 80 टक्क्यांहून अधिक प्रकाश जातो, एस1 मधून 43 ते 80, एस2 मधून 18 ते 43, एस3 मधून 8 ते 18, आणि एस4 मधून केवळ 3 ते 8 टक्के. ही शेवटची काच इतकी गडद असते की ती लावून वाहन चालवणे वर्ज्य मानले जाते. खरेदीच्या वेळी ग्राहक बहुधा रंगाकडे पाहतो, परंतु महत्त्वाच्या क्रमाने हा अंक आधी येतो आणि रंग नंतर.

त्या अंकाचा अर्थ थोड्या हिशेबाने स्पष्ट होतो. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे 1,00,000 लक्स इतका उजेड असतो, लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप. दाट ढगाळ दिवशी तोच 10,000 लक्सच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. पहिल्या परिस्थितीत 12 टक्क्यांची एस3 काच लावली तर जणू 12,000 लक्सचा उजेड डोळ्यांसमोर उरतो, आणि दुसऱ्या परिस्थितीत 60 टक्क्यांची एस1 काच लावली तर 6,000 लक्सचा. म्हणजे बाहेरचा दहापटींचा फरक दोन काचांनी दुपटीवर आणला. याउलट ढगाळ हवेत एस3 तशीच ठेवली तर हाती 1,200 लक्स उरतात, आणि बर्फावरचे बारीक उंचवटे ओळखण्याची डोळ्याची क्षमता उतरू लागते. बाहुली आकुंचन पावून 2 मिलिमीटर आणि विस्फारून 8 मिलिमीटरपर्यंत होऊ शकते, तथापि दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाशसंवेदी पडद्याला, बदललेल्या उजेडाशी जुळवून घेण्यास बाहुलीपेक्षा अधिक वेळ लागतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने उतरणारा माणूस तेवढ्यात, सेकंदाला 11 मीटर या गतीने, बराच उतार ओलांडून गेलेला असतो.

येथे एक गोष्ट भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. गॉगलबरोबर मिळणाऱ्या पत्रकातील शिफारसी बहुधा आल्प्स किंवा उत्तर अमेरिकेतील उतार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. आल्प्सचा पट्टा साधारण 46 अंश उत्तर अक्षांशावर आहे, गुलमर्ग 34 अंशांवर. फेब्रुवारीच्या मध्यावर भर दुपारी आल्प्समध्ये सूर्य क्षितिजापासून सुमारे 31 अंश वर असतो, तर गुलमर्गला 43 अंश. सूर्य जितका वर, तितका त्याचा प्रकाश वातावरणाच्या कमी जाडीतून येतो आणि तितका प्रखर असतो. अफरवतच्या माथ्यावर निरभ्र दिवशी ‘सर्व हवामानांसाठी’ म्हणून विकलेली एस2 काच बहुतेकांना अपुरी वाटते, यात नवल नाही.

पारगम्यतेचा अंक उजेडाचे प्रमाण आवरतो, पण उंचसखलपणा दिसण्यासाठी प्रमाणाहून अधिक महत्त्व फरकाला असते. बर्फ सर्वत्र पांढरा असल्यामुळे त्यातील खड्डा किंवा उंचवटा रंगाने ओळखता येत नाही; तो ओळखू येतो उजळ बाजू आणि सावलीतली बाजू यांच्या तेजातील तफावतीवरून. आता राखाडी काच सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी करते, त्यामुळे उजळ बाजूचे तेज 100 आणि सावलीचे 60 असेल, तर 20 टक्क्यांच्या राखाडी काचेतून ते 20 आणि 12 दिसेल. डोळे निवतील, पण दोहोंचे गुणोत्तर तिळभरही बदलणार नाही. रंगीत काचेचे वैशिष्ट्य यापुढचे आहे. सूर्यप्रकाशातल्या बर्फावर थेट सूर्याचा पिवळसर-पांढरा प्रकाश असतो, तर सावलीतल्या बर्फाला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा, म्हणून हिमावरच्या सावल्या निळसर असतात. समजा, वरच्या उदाहरणात दोन्ही बाजूंच्या तेजात 30 भाग निळ्या प्रकाशाचे आहेत आणि काचेने तेवढेच अडवले. तर उजळ बाजूचे 70 उरतील आणि सावलीचे 30, आणि दीडपटीहून थोडे अधिक असलेले अंतर दुपटीच्या वर जाईल. हे आकडे तत्त्व समजण्यापुरते आहेत, कारण डोळ्याला जाणवणाऱ्या तेजात निळ्या रंगाचा वाटा प्रत्यक्षात याहून बराच लहान असतो. परंतु परिणामाची दिशा हीच आहे, आणि अंबर, तांबूस, नारिंगी व गुलाबी काचांच्या लोकप्रियतेचे कारणही हेच.

निळा प्रकाश कमी करण्यामागे डोळ्याच्या रचनेचाही आधार आहे. डोळ्याचे भिंग सर्व रंग एकाच ठिकाणी केंद्रित करू शकत नाही. हिरवा-पिवळा प्रकाश दृष्टिपटलावर नेमका पडत असताना निळ्याची प्रतिमा त्याच्या किंचित पुढे पडते आणि पसरट होते. निसर्गाने यावर स्वतःच उपाय योजलेला दिसतो: दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथून सर्वांत रेखीव दिसते तेथे, पिवळे रंगद्रव्य साठवलेले असते, आणि अगदी केंद्राशी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. पिवळी काच लावताच जग उजळल्याचा अनुभव बहुतेकांना येतो तो खराच असतो, मात्र तो अनुभव उजळपणाचा आहे. बारीक तपशील ओळखण्याची शक्तीही त्याच प्रमाणात वाढली, असे त्यावरून समजू नये.

या साऱ्या युक्तीची मर्यादा आकाश पूर्ण झाकोळल्यावर उघड होते. एकसंध ढगांमधून झिरपणारा प्रकाश सर्व दिशांनी सारखाच येतो, त्यामुळे सावली पडत नाही, आणि जी थोडीबहुत पडते तिच्यात निळसरपणाही नसतो. स्कीइंग करणारे या अवस्थेला ‘फ्लॅट लाइट’ म्हणतात. तेजातला किंवा रंगातला फरकच उरला नसेल, तर तो वाढवून दाखवणे कोणत्याही काचेला शक्य नाही. या अवस्थेचे टोक किती भयंकर असू शकते हे 28 नोव्हेंबर 1979 रोजी अंटार्क्टिकात दिसले. ऑकलंडहून पर्यटकांना घेऊन निघालेले एअर न्यूझीलंडचे डीसी-10 विमान माउंट एरेबसच्या उतारावर आदळले आणि त्यातील सर्वच्या सर्व 257 माणसे मृत्युमुखी पडली. विमानाच्या मार्गाचे अंक वैमानिकांना न कळवता बदलले गेले होते, आणि त्याच वेळी ढगांच्या थराखाली स्वच्छ हवेत उडत असतानाही त्यांना समोरचा पर्वत दिसला नाही. कारण पांढरा उतार आणि वरचे पांढरे ढग एकमेकांत मिसळून तेथे सपाट हिमप्रदेशच पुढे पसरला असल्याचा भास होत होता. न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या चौकशी आयोगाने या दृष्टिभ्रमाची सविस्तर दखल घेतली. हवा स्वच्छ असणे आणि जमिनीचा आकार दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या दुर्घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सिद्ध झाले असेल.

स्पर्धांचे आयोजक ही मर्यादा ओळखून आहेत. डाउनहिल शर्यतीत, म्हणजे उतारावरून थेट खाली येण्याच्या सर्वांत वेगवान प्रकारात, खेळाडूंना उंचसखलपणा कळावा म्हणून मार्गाच्या कडांवर आणि उड्यांच्या जागी निळा रंग फवारतात. पूर्वी त्यासाठी पाइनच्या फांद्या व सुया पसरत असत. अर्थात उपाय काचेवर नव्हे, बर्फावर केला जातो. सामान्य माणसाला हेच साहाय्य झाडीतून मिळते. अफरवतचा वरचा उघडा पट्टा ढगात गेला की गुलमर्गचे जाणकार बाबा ऋषी या ठिकाणाच्या बाजूच्या जंगलातून जाणारे उतार धरतात, कारण गडद खोडे उताराचा कल आणि अंतर यांची खूण सतत पुरवतात.

धुक्याविषयीचा एक रूढ समज येथे दूर करणे आवश्यक आहे. स्वच्छ हवेतील सूक्ष्म रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून दूरच्या डोंगरावरचा निळसर पडदा पिवळ्या काचेने विरळ होतो. धुक्याचे जलकण मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्यामुळे सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात, आणि पिवळी काच ‘धुके भेदते’ या म्हणण्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही. धुक्यात तिचा उपयोग आहे तो ती फिकट असते आणि अधिक प्रकाश येऊ देते म्हणून.

काही उत्पादकांनी एकच रंग अडवण्यापेक्षा निवडक तरंगलांबींचे अरुंद पट्टे अडवणाऱ्या काचा बनवल्या आहेत. ओकलीची प्रिझम आणि स्मिथची क्रोमापॉप ही त्यांतील परिचित नावे. डोळ्यातील लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या संवेदनांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, आणि हा मधला संदिग्ध प्रकाश कमी केला की रंग अधिक वेगळे भासतात. ही कल्पना सयुक्तिक आहे आणि निरभ्र किंवा अर्धवट ढगाळ हवेत तिचा लाभ जाणवतो. तरीही अशी काच विकत घेताना तिचा पारगम्यतेचा अंक पाहणे टळत नाही, कारण एकाच नावाखाली अगदी गडद आणि अगदी फिकट अशा दोन्ही काचा मिळतात.

बाहेरून निळी, सोनेरी किंवा लाल चमकणारी काच पाहून आतला रंग ठरवू नये. ती चमक धातूच्या किंवा तत्सम पदार्थाच्या अतिशय पातळ मुलाम्याची असते. तो काही प्रकाश बाहेरच परतवतो आणि काच आणखी थोडी गडद होते, पण डोळ्यांपुढचे दृश्य आतल्या छटेवर अवलंबून असते. गॉगल पांढऱ्या कागदासमोर धरून आतल्या बाजूने पाहिले, की ती छटा लगेच कळते.

ध्रुवीकृत काच मुख्यतः आडव्या दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवते, आणि पाण्याच्या किंवा गुळगुळीत बर्फाच्या पृष्ठभागावरून येणारी झळाळी बव्हंशी अशाच प्रकाशाची असते. समुद्रावर ही काच अप्रतिम ठरते. भुसभुशीत हिमावरून परतणारा प्रकाश मात्र असंख्य स्फटिकांमधून विखुरलेला असल्यामुळे तेथे तिचा विशेष प्रभाव पडत नाही, आणि घट्ट गोठलेल्या निसरड्या थराची जी चमक स्कीइंग करणाऱ्याला सावध करते, ती चमकच ती पुसून टाकू शकते. डोंगर उतरण्यासाठी ध्रुवीकरणाकरिता जादा पैसे मोजावेत असे वाटत नाही.

प्रकाशानुसार आपोआप गडद किंवा फिकट होणारी फोटोक्रोमिक काच सोयीची वाटते, आणि सावकाश बदलणाऱ्या दिवसात ती तशी असतेही. तिच्यातील रेणू अतिनील किरणांनी उत्तेजित होऊन आपली रचना बदलतात व दृश्य प्रकाश शोषू लागतात, आणि किरण थांबले की उष्णतेच्या साहाय्याने मूळ रूपात परततात. अडचण या दुसऱ्या पायरीत आहे: शून्याखालच्या तापमानात हे परतणे मंदावते, त्यामुळे थंडीत ही काच अधिक गडद होते आणि फिकट होण्यास काही मिनिटे घेते. त्यात भर म्हणजे अतिनील किरण ढगांमधूनही मोठ्या प्रमाणात येतात, म्हणून सपाट उजेडात, जेव्हा फिकट काच हवी असते तेव्हा, ती पुरेशी फिकट होत नाही. द्रवस्फटिकांवर चालणाऱ्या, विजेने क्षणात बदलणाऱ्या काचाही मिळतात, पण त्यांच्यात बॅटरीचा आणि किमतीचा प्रश्न येतो.

काच कितीही योग्य असली तरी आतून बाष्प धरले की व्यर्थ आहे. अमेरिकेतील दंतवैद्य बॉब स्मिथ यांनी 1965 च्या सुमारास दोन काचांमध्ये हवेचा बंद थर ठेवलेला आणि श्वास घेऊ शकणाऱ्या फोमने वेढलेला गॉगल बनवला, आणि आजही बहुतेक गॉगल त्याच तत्त्वावर आहेत. हवेच्या थरामुळे आतली काच चेहऱ्याच्या तापमानाच्या जवळपास राहते व तिच्यावर दव धरत नाही. आतल्या बाजूला पाणी पसरवून पातळ करणारा नाजूक लेप असतो. तो ओला असताना घासला तर निघून जातो, म्हणून मऊ कापडाने हलकेच टिपावे आणि कोरडा होऊ द्यावा. चष्मा लावणाऱ्यांनी त्यासाठी कडेला खाच ठेवलेला, अधिक खोल गॉगल घ्यावा.

रात्री दिव्यांच्या झोतात खेळायचे नसेल तर एस0 काचेची गरज पडत नाही, आणि हिमनदीवर किंवा अतिउंच शिखरावर जायचे नसेल तर एस4 चीही नाही. गुलमर्गला जाणाऱ्याने एकाच महागड्या ‘सर्वकामी’ काचेऐवजी, सहज बदलता येतील अशा दोन काचांचा गॉगल घ्यावा: निरभ्र दिवसासाठी 10 ते 15 टक्के पारगम्यतेची तपकिरी किंवा तांबूस एस3, आणि ढगाळ हवेसाठी 50 ते 60 टक्क्यांची पिवळी वा गुलाबी एस1. दुसरी काच मऊ पिशवीत घालून अंगावरच्या जाकिटात ठेवावी, हॉटेलच्या खोलीत नव्हे. आणि अफरवतवर उतरलेल्या ढगात तीही लावून उतार दिसेनासा झाला, तर खेळ थांबवून गोंडोलाने खाली यावे.